चाळीसच्या खाली न उतरणारा हात

कँटीनकाकांना एका माणसाचा चहा करता येत नसे. चहा येत नसे असं नव्हे. त्यांचा चहा एकदा प्यायला तर कल्याणजवळच्या आमच्या मोहने गावातल्या निम्म्या हॉटेलवाल्यांनी शटर ओढून भजनाला लागावं, असा तो चहा. पण ‘काका, कपभर चहा मिळेल का?’ म्हणून कोणी दारात उभं राहिलं की ते स्टोव्हवर बादलीएवढी किटली चढवत. मग दुपारी चार वाजता आमच्या बैठ्या चाळीच्या ओट्यावर बारा खोल्यांमधली माणसं, मीटर वाचायला आलेला माणूस, पत्ता विचारायला थांबलेला कुरिअरवाला, असे सगळे फुर्र फुर्र करत बसलेले असत, आणि काका किटली हलवत म्हणत, “काय करू? चाळीस माणसांच्या खाली माझा हातच उतरत नाही.”

यात नवल काही नव्हतं. तीस वर्षं त्यांनी तिथल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये काढलेली. तीन शिफ्टा, हजारो माणसं. डाळ ढवळायला म्हणे होडीचं वल्हं लागायचं. एकदा त्यांचं मनगटी घड्याळ आमटीत पडलं, ते तिसऱ्या दिवशी एका फिटरला ताटात सापडलं, आणि वेळ बरोबर दाखवत होतं. मी स्वतः पाहिलेलं नाही. पण ज्यानं पाहिलं त्याला पाहिलेल्या माणसाला मी चांगला ओळखतो. “हजारावरून चाळीसवर यायलाच मला दोन वर्षं लागली,” काका म्हणायचे. “याच्या खाली आता या जन्मात नाही.” रिटायर झाल्यावर कारखान्याची खोली सुटली, बायको त्याआधीच गेलेली, लेक लग्न होऊन आंबिवलीला. काका एकटेच आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायला आले ते एक ट्रंक, एक स्टोव्ह, ती किटली आणि लहान मूल आंघोळ करेल एवढा एक टोप घेऊन. स्वतःच्या जेवणाला ते खानावळीचा डबा लावत. आम्हालाही ते पटलेलं. चाळीस माणसांची भाजी करून एकटा माणूस खाणार किती?

आता थोडं माझ्याबद्दल सांगितल्याशिवाय काकांचं मोठेपण कळायचं नाही. मी कल्याणच्या बाजारात धान्याच्या गाळ्यावर कामाला. पन्नास किलोची गोणी मी उशीसारखी उचलायचो आणि जेवायचोही त्याच हिशेबानं. टिटवाळ्याच्या एका लग्नात माझ्या पंगतीतली जिलबी संपेना म्हणून मुहूर्त पुढे ढकलावा लागला, अशी गोष्ट आमच्या नात्यात सांगतात. ती खोटी आहे. मुहूर्त ढकलला नव्हता, फक्त नवऱ्या मुलाचा बाप येऊन हात जोडून गेला होता. माझ्या बायकोला, सुनंदाला, लग्नात माहेरून पोळपाट मिळाले दोन. एक झिजेल म्हणून.

अशा माणसाला कावीळ झाली. कावीळ आली, तिच्यामागून ताप आला, आणि दोघं गेले तेव्हा जाताना माझी भूक घेऊन गेले. गोष्ट गमतीनं सांगतोय, तेव्हा गंमत नव्हती. अन्न समोर आलं की घशात कुणीतरी दार लावून घ्यायचं. शेजारच्या खोलीतून लसणाच्या फोडणीचा वास आला की पोट ढवळून यायचं. ब्याण्णव किलोचा मी छप्पनवर आलो. अंगठी हातातून गळून पडली, ती सुनंदानं कुंकवाच्या डबीत ठेवली. कल्याणच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, “आजार गेलाय. आता हा माणूस खात नाही, हाच आजार आहे. पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलं तर दाखल करून घेतो. नाकातून नळी घालू.” घरी आल्यावर सुनंदा मोरीत जाऊन नळ सोडून रडली. आमच्या मोरीचं दार पत्र्याचं होतं, नळ सोडला तरी ऐकू यायचंच.

तिनं काय केलं नाही? पेज केली, मऊ भात केला, दुधी उकडून दिला, डाळिंब सोललं, साळीच्या लाह्या भिजवून दिल्या. एका ताटात सात वाट्या मांडायची आणि समोर बसायची. तिच्यामागे माझी चुलत बहीण, तिच्यामागे शेजारच्या लताबाई. सगळ्यांची नजर माझ्या तोंडावर. “अहो, एक घास.” “सुधाकर, माझ्यासाठी एक.” “सुधाभाऊ, निदान पाणी तरी.” घास तोंडापर्यंत यायचा, तीन बायकांची तोंडं आपोआप उघडायची, आणि माझं मिटायचं. विहिरीत उडी मारायला उभ्या राहिलेल्या माणसाकडेसुद्धा लोक इतक्या आशेनं बघत नसतील.

त्या मंगळवारी कँटीनकाका आले. दारातच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, ताटाकडे बघितलं. सात वाट्या मोजल्या.

“हे याला दाखवायला मांडलंय की खायला?” त्यांनी विचारलं.

“खात नाहीत हो काका,” सुनंदा म्हणाली, “म्हटलं, यातलं काहीतरी आवडेल.”

“पोरी, ज्याला चार घास जड जातात त्याच्यासमोर सात वाट्या म्हणजे डोंगर. उचल ते.” मग जरा थांबून म्हणाले, “आजपासून याचं संध्याकाळचं माझ्याकडे. पण एक अडचण आहे.”

“काय?”

“माझा हात माहितीये तुला. याच्यासाठी केलं की चाळीस माणसांचं होणार. ते टाकायचं का?”

“टाकायचं कशाला? अन्न आहे. वाटू.”

“वाटायचं तर मग सगळ्यांनी इथंच ओट्यावर बसून खायचं. डबे भरून न्यायचे नाहीत. आणि सहा ते आठ चाळीत फोडणी नको.”

सुनंदानं माझ्यासाठी काहीही कबूल केलं असतं. ती बारा खोल्या फिरून आली. कुणी वाटीभर तांदूळ काढून दिले, कुणी मूग. लताबाईंनी जिरं दिलं. फक्त दिनेश कुरकुरला. दिनेश म्हणजे आमचा रिक्षावाला, शेजारच्याच खोलीतला, ज्याच्या जिभेला मिसळीखाली काही कळत नसे. “आजारी सुधाभाऊ, आणि पथ्य माझं?” तो म्हणाला. “मी काय पाप केलं?” त्याच्या बायकोनं त्यानं केलेली सगळी पापं तिथल्या तिथं मोजून दाखवली.

त्या संध्याकाळी सात वाजता माझी खाट उचलून ओट्यावर नेली. चार बाजूंनी चौघांनी धरली. जिवंतपणी चौघांनी उचलून नेलेला मी आमच्या चाळीतला पहिलाच. लताबाईंच्या सासूबाईंनी तर सवयीनं हातही जोडले.

काका टोपाजवळ बसले होते. त्यांची शिजलेलं ओळखायची एक रीत होती. ते चमच्यात घेऊन बघत नसत, बोटांनी दाबत नसत. टोपाशी वाकून कान द्यायचे. कँटीनच्या बॉयलरच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे त्यांना माणसांचं बोलणं निम्मंच ऐकू यायचं, पण टोपाचं बरोबर कळायचं. “अजून कच्चं बोलतंय,” म्हणायचे. मग पुन्हा कान. खिमट होतं ते. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, जिऱ्याबरोबर कोरडीच भाजून, जाडसर भरडायची. मग आठपट पाण्यात सावकाश शिजवायचं, चमच्यावरून सरकेल इतकं सैल. तेल नाही, तूप नाही, हिंगाची चिमूट फक्त. “आता झालं,” काका म्हणाले. “आता शांत बोलतंय.”

सगळ्यांच्या वाट्यांत एकेक पळी पडली. मला मिळाली ती वाटी नव्हेच, लोणच्याची बुटुकली होती. कुणी मला ‘खा’ म्हणालं नाही. काकांनी आधीच दम भरलेला. “त्याच्याकडे बघायचं नाही. आपापल्या वाटीत बघायचं. जो त्याला खा म्हणेल तो भांडी घासेल.” मग कुणी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागलं, कुणी मुलांच्या क्लासबद्दल. आणि दिनेशनं पहिला चमचा तोंडात घातला.

त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. कॅरमच्या सोंगटीला जीव असता आणि तिला भोकात ढकललं असतं तर तिचा झाला असता तसा चेहरा. “काका,” तो म्हणाला, “मीठ विसरलात का?”

“विसरलो नाही. त्याला चालतं तेवढं आहे.”

“आणि तिखट?”

“तेही त्याला चालतं तेवढंच.”

“म्हणजे नाहीच की!”

“हुशार आहेस. रिक्षा कशाला चालवतोस?”

मी हसलो. महिन्याभरानं हसलो. हसायला तोंड उघडलं आणि हातातला चमचा, माझ्याही नकळत, आत गेला. गरम, मऊ, भाजलेल्या मुगाच्या वासाचं काहीतरी घशातून खाली उतरलं आणि वर आलं नाही. दुसरा चमचा. तिसरा. दिनेश रडत होता, मी खात होतो. चौथ्या चमच्याला काकांनी बुटुकली काढून घेतली.

“थोडं अजून...” मी म्हणालो.

“संपलं,” काका म्हणाले. मागे टोप अर्धा भरलेला मला दिसत होता. “उद्या ये.”

उद्या ये! खाटेवरून उठायची ताकद नाही त्या माणसाला हॉटेलात आल्यासारखं ‘उद्या ये’. पण मी त्या रात्री झोपताना, खोटं नाही सांगत, उद्याची वाट बघत झोपलो. बुधवारी लाल भोपळ्याचं कढण होतं, ताकात कालवलेलं. गुरुवारी तांदळाची उकड. रोज बुटुकली, रोज ‘संपलं’. मला वाटायला लागलं, हा म्हातारा माझ्या तोंडचं काढून चाळीला चारतोय. आणि राग आला की माणूस खातो, हे त्यांना माझ्याआधी माहीत असणार.

शुक्रवारी मी शहाणपणा केला. तीन दिवस पोटात अन्न राहिलं म्हणून माजलो. दिनेशला खुणेनं बोलावलं आणि म्हटलं, गुपचूप एक बटाटावडा आण. त्यालाही पथ्यातला भागीदार हवाच होता. त्यानं मला धरून रिक्षात नेलं आणि आम्ही दोघांनी तिथं बसून, पडदे लावून, प्रत्येकी एक वडा खाल्ला. त्याचा त्याच्या पोटात गेला. माझा मात्र गेला त्याच वाटेनं परत आला, आणि येताना तीन दिवसांचं खिमट, भोपळा, उकड सगळ्यांना हात धरून घेऊन आला. शनिवारी पुन्हा घशाचं दार बंद. पाणीसुद्धा राहीना. सोमवार दोन दिवसांवर. सुनंदा नळ न सोडताच रडली.

मला वाटलं काका आता ओरडतील. ओरडले नाहीत. दिनेशलाही काही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळी त्याला टोपाशी बसवून म्हणाले, “ढवळ.” तासभर ढवळायला लावलं. साळीच्या लाह्यांची पेज होती, ढवळायची तशी गरजच नसते. दिनेश घामाघूम झाला. मग काकांनी त्याच्याच हातून बुटुकली भरून माझ्याकडे पाठवली. तो आला, खाटेशी बसला, आणि माझ्याकडे न बघता, आपल्या वाटीत बघत म्हणाला, “सुधाभाऊ, चुकलो रे मी. तू हे पी, मी पण पितो.” आम्ही दोघं प्यायलो. एकेक घोट, मोजून. माझे तीन, त्याचे अकरा, कारण ढवळून ढवळून त्याला भूक लागली होती. राहिलं पोटात. रविवारी सबंध चाळीत कोंबडी शिजली नाही. कुणी सांगितलं नव्हतं. दिनेशच्या बायकोनं आणलेली कोंबडी चक्क शेजारच्या चाळीत भावाला देऊन टाकली.

सोमवारी डॉक्टरांच्या काट्यावर मी उभा राहिलो तेव्हा सुनंदानं डोळे मिटून घेतले होते. छप्पनवर अर्धा किलो. वड्याचा दिवस धरून अर्धा किलो! डॉक्टर म्हणाले, “काय देताय त्यांना?” सुनंदा म्हणाली, “चाळ.” डॉक्टरांना कळलं नाही, पण त्यांनी दाखल करायचा कागद परत ठेवून दिला. मी घरी येऊन काकांना आकडा सांगितला. “अर्धा किलो?” ते म्हणाले. “आमच्या कँटीनमध्ये तेवढं मीठ झाडताना निघायचं.” आणि लगेच ओट्यावर जाऊन मूग निवडायला बसले. पण मी पाहिलं, निवडलेले मूगच ते पुन्हा निवडत होते.

पुढे किती दिवस हे चाललं म्हणता? बरोबर चाळीस म्हणायचा मोह होतोय, पण सुनंदा शेजारी बसून हे वाचणार आहे, तेव्हा दीड महिना म्हणतो. दीड महिना अख्खी चाळ माझ्याबरोबर पथ्यावर होती. ज्वारीच्या पिठाची ताकातली उकड झाली. नाचणीची आंबील झाली. पडवळ घातलेलं मुगाचं वरण झालं, मेतकूट-भात झाला, राजगिऱ्याची लापशी झाली, आणि एके दिवशी आंबट नसलेल्या दह्यात कुस्करलेला फुलका, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, ज्याला काका ‘पार्टी’ म्हणायचे. लताबाईंच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबले. दिनेशचा गॅस गेला. तो इतका होता की रिक्षा सीएनजीवर चालते की मालकावर, असा आम्हाला संशय होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ॲसिडिटीच्या गोळ्या पडून राहायला लागल्या, आणि दुकानदार एका संध्याकाळी चौकशीला म्हणून आला तो वाटी घेऊनच बसला. बुटुकलीची वाटी झाली, वाटीची दीड वाटी झाली. मी खाटेवरून ओट्यावर आलो, ओट्यावरून पंगतीत आलो.

आणि एका संध्याकाळी, साधा मऊ भात आणि दुधीची पातळ भाजी असताना, मी सहज म्हणून गेलो, “काका, याच्याबरोबर जरा खोबऱ्याची चटणी पाहिजे होती.”

सुनंदाचा हात वाटीत थांबला. ब्याण्णव किलोच्या माझ्यासारख्या माणसाला चटणी आठवते, तेव्हा तो परत आलेला असतो. दिनेश ओरडला, “चटणी मागितली! सुधाभाऊनं चटणी मागितली!” लताबाईंनी पाटा धुवायला घेतला. काका वळले आणि टोपावर वाकून त्यांनी कान लावला. बराच वेळ लावून बसले. शिजलं की नाही ते ऐकत असावेत असं कुणालाही वाटलं असतं. पण मी समोरच होतो. स्टोव्ह विझलेला होता आणि टोप रिकामा होता.

मी गाळ्यावर परत गेलो, गोण्या परत उशा झाल्या. काकांकडे रोज जाऊन बसायला लागलो, आणि बसता बसता भाजायचं किती, भरडायचं किती, पाणी किती, कान कधी द्यायचा हे सगळं शिकलो. “काका, हे एका माणसाचं करायचं असेल तर प्रमाण काय?” मी एकदा विचारलं. “मला काय विचारतोस?” ते म्हणाले. “मला एकाचं येत नाही.”

मग चाळ पाडायची ठरली आणि सगळे पांगले. आम्ही डोंबिवलीत टॉवरच्या नवव्या मजल्यावर, दिनेश बदलापूरला, काका आंबिवलीला लेकीकडे. जाताना त्यांनी मोठा टोप मला दिला. “तिथं एवढ्या मोठ्या टोपाची गरज नाही,” म्हणाले. मी अधूनमधून जायचो. चार वाजता लेकीच्या इमारतीच्या जिन्यात बसून ते वॉचमन, धोबी, वरच्या मजल्यावरच्या बायका, सगळ्यांना चहा पाजत असत. दोन वर्षांपूर्वी, आजारबिजार काही न होता, दुपारच्या झोपेतच ते गेले. किटली चढवायच्या आधी.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या लेकीनं, शैलानं, मला आत बोलावलं. ट्रंक उघडली होती. तिनं कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. एक टोप होता. पितळेचा, कल्हई केलेला, माझ्या मुठीत मावेल एवढा. तळ आतून झिजून गुळगुळीत झालेला.

“हे तुम्ही ठेवा,” ती म्हणाली. “आईचा आहे.”

“खेळण्यातला?”

“नाही हो. आई सहा वर्षं पथ्यावर होती. तिचं पोट गेलेलं, चार चमच्यांच्या वर जायचं नाही. बाबा ड्यूटीवरून आले की आधी ह्यात तिच्यापुरतं खिमट करायचे. रोज. मीठ चिमटीनं मोजून.”

मी त्या टोपाकडे बघत राहिलो. “एका माणसाचं?” मी म्हटलं. “पण काकांना तर...”

शैला हसली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसली. “चाळीसच्या खाली हात उतरत नाही, हेच ना? आम्हालाही आई गेल्यावरच सांगायला लागले. आधी कधी ऐकलं नव्हतं.”

ज्याच्या तोंडाला बूच बसवायला सुनंदाला सोळा वर्षांत जमलं नाही, तो मी गप्प बसून राहिलो. शैलाच पुढे म्हणाली, “आईला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून आम्ही आत दार लोटून जेवायचो. ती बाहेर कॉटवर, तिची वाटी घेऊन. एकदा मी पाणी द्यायला गेले तर आई वाटी हातात धरून दाराकडे बघत बसलेली. गार झालं होतं सगळं. मी बाबांना सांगितलं. आई गेल्यावर बाबा एकदाच म्हणाले, ‘शैला, तिला सहा वर्षं जेवण दिलं गं. पंगत नाही दिली.’”

आंबिवलीहून परत येताना तो टोप मी मांडीवर धरून बसलो होतो. मला दिनेशचा चेहरा आठवला, चौघांनी उचललेली खाट आठवली, चार वाजताचा चहा आठवला. आयुष्यभर मी थापा मारल्या. पण माझ्या सगळ्या थापा एकत्र केल्या तरी त्या म्हाताऱ्याच्या एका थापेसमोर त्या उभ्या राहणार नाहीत. त्या एका थापेवर मी आज ब्याण्णव किलो आहे. चौऱ्याण्णव, सुनंदा म्हणते.

तो छोटा टोप आमच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर असतो. त्यात आम्ही कधी काही शिजवलं नाही.

परवा समोरच्या फ्लॅटमधली सून आली. आमच्या मजल्यावर दारं उघडी राहत नाहीत, तीन वर्षांत ती पहिल्यांदाच आत आली असेल. तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय, घरी आणलंय, पण अन्नाकडे बघत नाहीत. खोलीत ताट नेऊन ठेवतात, तासानं तसंच उचलतात. ती हातात फोन घेऊन लिहून घ्यायला उभी राहिली.

“काका, काकू म्हणाल्या तुम्हाला ते खिमट छान येतं. मला रेसिपी सांगता? जास्त नको, एका माणसाचीच.”

तिच्या मागेच फळीवर तो टोप होता. खिडकीतून ऊन येत होतं, चांगला चकाकत होता.

“एका माणसाचं?” मी म्हटलं. “ते मला येत नाही गं. माझा हात चाळीसच्या खाली उतरतच नाही. आपल्या मजल्यावर माणसं किती आहेत?”

ती गोंधळून मोजायला लागली. आतून सुनंदानं माळ्यावरचा मोठा टोप खाली ओढल्याचा आवाज आला.